अर्धापूर या नावानं सेव्ह

लातुरात क्लासमध्ये मी इंग्रजी शिकवते. ‘सेव्ह’ शब्द आला की पोरं माझ्याआधीच सुरू होतात. पाणी सेव्ह, गॅस सेव्ह, नंबर सेव्ह, गोलकीपरनं केलेला सेव्ह. जीव वाचवणे हा अर्थ मलाच सांगावा लागतो, तोही सगळ्यात शेवटी.

माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, मोबाईलमध्ये लेकींचे नंबर गावाच्या नावानं सेव्ह केलेत. आमच्याकडं लेक दिली की ती त्या गावाची होते. थोरली मुरुड, मधली देवणी, मी अर्धापूर. मी नवऱ्याचं घर सोडलं, दादांना लातूरला आणलं, त्यांच्या गोळ्या-औषधं बघते, तरी अर्धापूरच. लई डोकं फिरायचं माझं. बदला म्हटलं की म्हणायचे, "राहू दे की, काय बिघडतंय?"

आता त्यांना काही आठवत नाही. परवा क्लासवरून आले तर दार उघडं आणि दादा नाहीत. गल्ली पाहिली, बसस्टँड पालथं घातलं. फोन वाजून वाजून बंद व्हायचा. त्या स्टँडवर चारचौघांत मी ढसाढसा रडले. दुपार कलल्यावर कुणीतरी फोन उचलला. एसटीचा कंडक्टर होता.

"तुम्ही अर्धापूर ना? काका नांदेडच्या स्टँडवर होते. नाव-गाव काही सांगेनात. फोन हातात देईनात, पण त्यावर सारखं अर्धापूर, अर्धापूर येऊन राहिलं होतं, म्हणून आमच्या गाडीत बसवलं. काळजी करू नका, तुमच्याकडंच आणलंय."

"अहो, मी लातुरात हाय. त्यांना उतरू देऊ नका."

"उतरले की ताई. लेकीचं घर ठाऊक हाय म्हणले. फोन तेवढा सीटवरच राहिला बघा."

ज्या घराचं तोंड बघणार नाही म्हणून निघाले होते, त्याच घराकडं मी जीव मुठीत धरून निघाले. गाडीत देवाला शिव्या घातल्या, त्या भल्या कंडक्टरलाही घातल्या. रस्ता ओलांडताना काही झालं असलं तर? त्या लोकांनी दारातून हाकलून दिलं असलं तर? याच घरातून एकदा मी चोरून दादांना फोन केला होता, मला घेऊन जा म्हणून. "निभावून घे, माय," एवढंच म्हणाले होते. वाट बघून बघून शेवटी मी एकटीच निघून आले होते.

दिवेलागणीला पोचले. दादा ओट्यावर बसले होते, हातात चहाचा कप. सासू दाराआड उभी होती.

मी समोर जाऊन उभी राहिले. दादांनी मला ओळखलं नाही.

"बाई, जरा आत निरोप देता का?" ते म्हणाले. "माझी धाकटी लेक हाय इथं. तिला म्हणावं, कपडे भर. बाप न्यायला आलाय."