भुवईवरची खोक

आमच्या पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी मी करते. तीस वर्षं झाली. खोटा विनय मला जमत नाही, हात चांगला आहे माझा. पण त्याच गुर्मीत मी एका माणसाला आत घातलं.

रोह्याला कुंडलिकेच्या काठावर एका कॉलेजातल्या मुलीचा खून झाला. त्या संध्याकाळी मी पुलापलीकडच्या अष्टमी गावात बहिणीकडे निघाले होते. पुलाच्या तोंडाशी एक माणूस नदीकडून घाईघाईने वर आला आणि मला धक्का मारून निघून गेला. शर्ट ओला होता. तोंड धड दिसलं नाही, हे मी पोलिसांनाही तेव्हा सांगितलं होतं.

चार दिवसांनी एकाला पकडलं. भुवईवर ताजी खोक असलेला त्याचा फोटो सगळ्या चॅनलांवर सुरू झाला. कारखान्यातला टीव्ही दिवसभर चालू. शेजारणी म्हणायच्या, "तू बघितलंस ना गो त्या मेल्याला? सोडू नको हां." आणि हळूहळू तो मला पुलावर दिसायला लागला, खोकेसकट.

आखणीचं असंच असतं. पहिल्या दोन-चार मूर्तींना मी नमुन्याकडे बघते, मग बघावं लागत नाही. हात आपला आपण जातो, आणि वाटतं, हे डोळे आधीपासून इथेच होते.

ओळख परेडमध्ये मी सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. कोर्टात सरकारी वकील म्हणाले, "बाई डोळे आखतात, चेहरा कशा विसरतील?" मी फुलले. म्हटलं, "भुवईवर खोक होती. कागद द्या, काढून दाखवते." त्याचं वकीलपत्र घ्यायला कोणी तयार नव्हतं. सरकारने दिलेल्या वकिलाने मला दोन प्रश्न विचारले आणि बसला. जन्मठेप झाली तेव्हा कारखान्यात पेढे वाटले. मीही खाल्ला.

गेल्या महिन्यात त्याची बायको कारखान्यात आली. खाडीकडच्या मिठागरावर काम करते. चप्पल बाहेर काढून उभी राहिली.

"ताई, ती खोक त्याला पकडताना लोकांनी मारलं तवा पडली. दवाखान्याचा कागद हाय. त्याच्या आधी नव्हती. तुमी पुलावर कंची बघितलीत?"

त्या दिवसापासून मी पुलावरच्या माणसाचं तोंड आठवून बघते. फोटो बाजूला सारला की खाली काही नाहीच, आखणीआधीच्या मूर्तीसारखं कोरं. काम मात्र थांबत नाही. ब्रश टेकवला की हाताला तीच भुवई यायला बघते, आणि मला भीती वाटते.

परवा मीच तिच्या घरी गेले. म्हटलं, "वरच्या कोर्टात लिहून देते. तोंड मी पाहिलं नव्हतं. टीव्हीवरचं सांगितलं."

तिचा चेहरा उजळला. "म्हंजे पुलावर तो नव्हता, असं सांगाल?"

"तसं नाय सांगता येणार. असेल, नसेल. मला खरंच माहीत नाय."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"तवा बरं माहीत व्हतं," ती म्हणाली.