पडद्याखालचे पाय

विचार करणाऱ्या यंत्रावर संशोधन करणाऱ्या आमच्या संस्थेच्या पन्नाशीची पत्रिका आली. वर पहिल्या यंत्राचा फोटो, हार घातलेला. तो पाहिला आणि कोपरगावच्या त्या खोलीतला मळीचा आंबूस वास नाकात शिरला.

एक्काहत्तर साल असेल. प्रात्यक्षिक पाहायला पाहुणे दारात आले, तरी यंत्राला कच्चा ऊस आणि तयार ऊस यांतला फरक कळेना. मग सरांनी, म्हणजे आमच्या संस्थापकांनी, ऊसतोडीवरच्या सोनाबाईंना यंत्रामागे पडद्याआड बसवलं. नुसतं चावून ऊस ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पाहुण्यांनी कांडं दिलं की मी अर्धं यंत्रात घालायचो, अर्धं पडद्यामागे सरकवायचो. त्या चावून बटण दाबायच्या, समोर हिरवा नाहीतर लाल दिवा लागायचा. टाळ्या पडायच्या.

सगळे पांगल्यावर त्या बाहेर आल्या. उसाच्या सालीने ओठ चिरले होते.

"दादा, शिकलं का मशीन आता? न्हाईतर उद्याबी येते मी."

यंत्र तुमच्याकडून शिकतंय, असं सरांनी त्यांना सांगितलं होतं.

"शिकलं," मी म्हणालो आणि त्यांच्या हातावर उरलेला पेढा ठेवला.

मूळ फोटोत पडद्याखाली त्यांचे अनवाणी पाय दिसायचे. पत्रिकेवर ते छाटलेत. फाडून टाकण्याआधी मी पत्रिका उघडली. आत सत्कारमूर्तींमध्ये पहिलं नाव माझं होतं. मी ती नीट घडी करून खिशात ठेवली.