मामाच्या हातचा घास

सिताबाई मुळात चिडकी नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. लग्न होऊन माकणीजवळच्या त्या गावात आली, तेव्हा सासू शेजारणींना सांगायची, "सून न्हाय गं, गाय आली घरात." पण गाईला तरी किती सोसावं माणसानं? दहा महिने उठता-बसता पिळून निघाली, तर गरीब गायसुद्धा लाथ झाडायला शिकते. सिताबाईही शिकली.

ह्या सगळ्याला कारण दोन. एक नवस आणि एक मामा.

नवस सासूचा, सखूबाईचा. निजाम जाऊन नऊ वर्षं झाली होती, जिल्हा मुंबई राज्यात गेला होता, पण त्या घरात राज्य अजून सखूबाईचंच होतं. सिताबाईचं पहिलं लेकरू म्हणजे अंबी. सात महिन्यांची होऊन गेली. उन्हाळ्याचे दिवस होते, हगवण लागली आणि चार दिवसांत खेळ संपला. त्यानंतर दोन वर्षं त्या घरात अंबीचं नाव कुणी तोंडातून काढलं नाही. मग माघात पोरगा झाला. महारुद्र असं भारदस्त नाव ठेवलं आणि सगळे रुद्रा म्हणू लागले. बाराव्या दिवशीच सखूबाईनं तुळजापूरच्या दिशेला हात जोडले आणि सगळ्यांच्या देखत बोलली, "आई, पोराचा पहिला घास तुझ्या पायाशी, मामाच्या हातानं. तवर अन्नाचा कण ह्याच्या तोंडात जायचा न्हाय."

ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला कुणाचं काय जातं? दूध पाजायला सिताबाई होतीच.

मामा म्हणजे सिताबाईचा धाकटा भाऊ व्यंकट. एकुलता एक. तो सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर मालट्रकवर डायवर होता. आठवड्यातून दोनदा उमरग्यावरून त्याची गाडी जायची, पण मामा काही उतरायचा नाही. पोराचं उष्टावण सम महिन्यात, पोरीचं विषम महिन्यात, ही तिकडची रीत. म्हणजे सहावा हुकला की थेट आठवा. सहावा लागला आषाढात. व्यंकटचं कार्ड आलं, 'गाडीचा पाटा तुटला, हैदराबादेत अडकलो, आक्कानं राग धरू नये.' आक्कानं कार्ड चुलीत घातलं.

आठव्या महिन्याला मात्र मामा आला. कुंची, झबलं, गुळाची ढेप, सगळं घेऊन आला. फक्त दोन दिवस उशिरा आला. सखूबाईनं उंबऱ्यातच बोटं मोजली.

"परवा नववा लागला, बाबा."

"मावशी, दोन दिसानं काय आभाळ कोसळतंय व्हय?" व्यंकट म्हणाला.

"ही काय पोरगी हाय का, विषम महिन्यात घास द्यायला? आता दहाव्यात ये."

झालं! मामा चहा पिऊन, गूळ ठेवून गेला. सिताबाईनं पाण्याची घागर अशी आदळली की कड चेपली. तो पोचा पुढं कित्येक वर्षं होता आणि विचारणाऱ्याला ती खरं कारण सांगायची.

इकडं पोराचे हाल कुत्रं खाईना. आठव्या महिन्यात दोन दात आले. आईचं दूध त्याला आता पुरेना. सिताबाई शेतात भुईमूग खुरपायला जायची, लिंबाला झोळी बांधायची, आणि दर घटकेला झोळीतून कोकलणं ऐकू आलं की आपल्या वाट्याच्या ओळींची पात अर्धी टाकून पळायची. तिची पात कायम मागं. बाकीच्या बाया बांधावर जाऊन पानसुपारी खायच्या, तेव्हा ही पोराला छातीशी घेऊन बसलेली. आणि पोरगं पीत कुठं होतं धड? चार घोट घ्यायचं, चावायचं, सोडून रडायचं. कुणी जेवायला बसलं की त्याचं लक्ष त्या हाताकडं. हात ताटाकडून तोंडाकडं गेला की ह्याचं तोंड आपोआप उघडायचं. बांधावरची माती खाताना त्याला धरलं, तर तोंडात बोट घालून माती काढायची तीच, आणि कुणाच्या भाकरीचा पडलेला तुकडा त्यानं गट्ट केला, तर तोही काढायची तीच. मातीनं निदान नवस मोडत नव्हता, ती अन्नात धरत नव्हते!

नवरा रामलिंग. त्याच्यापुढं गाऱ्हाणं घातलं तर तो म्हणायचा, "आई म्हणती ते बी खरं, तू म्हणतीस ते बी खरं." असल्या माणसाला सल्ला विचारण्यापेक्षा बैलाला विचारावं, तो निदान एका बाजूला मान हलवतो.

नवव्या महिन्यात सरकारी विकास ब्लॉकची नर्सबाई गावात आली. सरोजिनी तिचं नाव. पांढरं लुगडं, पायात चपला आणि संगं ताणकाटा. चावडीपुढं तिनं काट्याला झोळी अडकवून पोरं तोलली. रुद्राला तोललं आणि काटा पुन्हा बघितला.

"चौदा पौंड. बाई, एवढं वजन सहाव्या महिन्यात असायला हवं. ह्याला खायला काय देतेस?"

"अंगावरच पितो," सिताबाई खाली बघत म्हणाली.

"नुसतं अंगावरचं आता पुरत नाही. दूध तोडू नकोस, ते चांगलं वर्ष-दीड वर्ष चालू दे. पण जोडीला मऊ भात, वरणाचं पाणी, दुधात कुस्करलेली भाकरी, दिवसातून दोन-तीनदा द्यायलाच हवं. नाही तर पोर खंगेल. एखाद्या दुखण्यालाही टिकायचं नाही."

सिताबाईनं सासूकडं बघितलं. सखूबाई पदराखाली हात घेऊन उभी होती.

"देवीला बोललोय," ती म्हणाली. "मामा आल्याबिगर न्हाय."

"मग मामाला लवकर आणा," नर्सबाई म्हणाली आणि पुढचं पोर उचललं.

टिकायचं नाही. हे दोन शब्द सिताबाईच्या कानात बसले ते बसलेच. एक लेकरू तिनं मातीत घातलं होतं. दुसरं डोळ्यांदेखत वाळत होतं, आणि का, तर मामाची गाडी उमरग्याला थांबत नाही म्हणून! तिनं शाळेच्या मास्तरांकडून भावाला कार्ड लिहून घेतलं. 'दहाव्यात आला नाहीस तर तू मला मेलास आणि मी तुला.' मास्तर बिचकले, जरा मऊ लिहू का म्हणाले. ती म्हणाली, "हाय तसंच लिवा."

कार्डानं काम केलं. कार्तिकात, मंगळवारी, सगळं वऱ्हाड तुळजापुरात पोचलं. व्यंकट आदल्या दिवशीच येऊन बसला होता, इतका घाबरला होता. नवा सदरा घातलेला, मिशीला पीळ दिलेला. कल्लोळ तीर्थात हातपाय धुतले, दर्शन झालं, ओवरीत पुजारी विष्णुपंतांनी पाट मांडला. मामाच्या मांडीवर भाचा बसवला आणि खिरीची वाटी हातात दिली.

रुद्रानं मान वर करून बघितलं. दहा महिन्यांच्या जन्मात हा माणूस त्यानं एकदाच पाहिला होता, तोही चहापुरता. अंगाला डिझेलचा वास, एवढी मोठी मिशी. खिरीचं बोट ओठाशी आलं आणि ज्या पोरानं आजवर माती सोडली नाही, त्यानं तोंड गच्च मिटलं. व्यंकटनं जरा जोर केला. पोरानं असा टाहो फोडला की दर्शनाच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली. तोंड उघडलं तेव्हा घास आत गेला आणि तसाच्या तसा मामाच्या नव्या सदऱ्यावर आला.

"ओठाला लागलं ना?" विष्णुपंत म्हणाले. "मग झालं. आईनं मान्य केलं. चला, पुढचे कोण?"

व्यंकट ओशाळून हसला. सखूबाईनं डोळे मिटून हात जोडले. सिताबाईला हसावं की कपाळ बडवावं कळेना. ह्या एका घासापायी तिनं पोराला दहा महिने वाळवलं होतं!

बरं, निदान आता तरी सुटली, असं वाटलं ना? कुठली सुटतीय. घरी आल्यावर, त्या कोंबलेल्या घासाचा धसका घेतला की काय, पोरगं खाईचना. सिताबाईनं भात शिजवून मऊ केला, थू. वरणाचं पाणी, थू. शेरडीच्या दुधात भाकरी कुस्करली, हातानं उडवून लावली. आधी पाजलं तर पोट भरून झोपी जायचं, घास तसाच. आधी घास पुढं केला तर पदर ओढून किंचाळायचं. उरल्यासुरल्या भातावर कोंबड्या पोसल्या, पोरगं मात्र तेवढंच.

त्यात शेजारणींचे सल्ले! शेजारची रुद्रम्मा म्हणाली, "लिंबाचा पाला वाटून छातीला लाव. कडू लागलं की दूध सोडंल आन् झक मारत जेवंल." बेजार झालेल्या सिताबाईनं तेही केलं. रुद्रानं तोंड लावलं, तोंड वाकडं केलं आणि आईच्या तोंडाकडं बघितलं. नुसतं बघितलं, रडलासुद्धा नाही. दिवसभर दूधही नाही, घासही नाही. संध्याकाळी सिताबाईनं छाती खसाखसा धुतली, पोराला जवळ घेतलं आणि ते पीत असताना स्वतः ढसाढसा रडली. पुन्हा तो पाला तिनं घरात येऊ दिला नाही.

मार्गशीर्षात नर्सबाई परत आली. काटा जागचा हलला नव्हता. सिताबाईनं सगळं भडाभडा सांगितलं.

"दूध सोडवायचं नाहीच मुळी," नर्सबाई म्हणाली. "दोन्ही चालवायचं. भुकेच्या वेळेला आधी घास, वरून दूध. आणि तू भरवू नकोस. तू दिसलीस की त्याला दूधच आठवतं. दुसऱ्या कुणीतरी भरवावं, रोजच्या ओळखीतल्या माणसानं. घरात कोण असतं?"

घरात कोण असणार? सगळ्यांनी सखूबाईकडं बघितलं.

"शेरडाला पाला टाकायचा राहिलाय," असं म्हणून सखूबाई उठून चालती झाली.

त्या दिवसापासून हेच. पोराच्या जेवणाची वेळ झाली की सखूबाईला कधी शेरडाचा पाला, कधी शेजारणीकडं काम, कधी गुडघ्यात कळ. सिताबाई शेतातून धापा टाकत यायची, भरवायला बसायची आणि पोरगं पदराला झोंबायचं. तिच्या मनात आलं, म्हातारी अंग चोरती. नवस बोलायला पुढं, निस्तरायला मागं!

आणि एके दुपारी ठिणगी पडली. सखूबाई एकटी जेवत होती. ताटात दूध-भाकरीचा कुस्करा. तिला दात नव्हते, ती रोज तेच खायची. रुद्रा रांगत रांगत गेला, तिच्या मांडीला धरून उभा राहिला आणि तोंडाचा आ केला. तोच जुना आ, तीन महिन्यांपूर्वीचा. दारातून आत येणाऱ्या सिताबाईनं तो बघितला.

सखूबाईनं ताट उचलून उंच धरलं आणि उजवा हात पदराखाली लपवला.

"आत्याबाई!" सिताबाई ओरडली. आजवर सासूपुढं तिचा आवाज चढला नव्हता. "त्यो तोंड उघडतोय आन् तुम्ही ताट उचलता? वैरी तरी असं करंल का? काय बिघडलंय तुमच्या हाताला?"

"माझ्या हाताला यश न्हाय," सखूबाई पुटपुटली.

"म्हंजे?"

म्हातारीनं ताट खाली ठेवलं, पण हात बाहेर काढला नाही.

"अंबीला म्या भरवलं व्हतं. तू शेतात व्हतीस. उष्टावणाला आठ दिस व्हते. ती अशीच आ करून बसली, मला ऱ्हावलं न्हाय. चार दिस भरवलं. लई आवडीनं खायची. पाचव्या दिशी हगवण लागली. म्याच मारली तुझी लेक. म्हणून म्हणलं, ह्याला माझा हात नगं. देवीच्या दारात, मामाचा हात लागू दे."

सिताबाई खाली बसली. तिला इतका राग आला होता की कुणावर काढावा कळेना. सासूवर, देवीवर, व्यंकटवर, की त्या उन्हाळ्यावर.

"तीन वर्सं हे पोटात घेऊन बसलात?" ती शेवटी म्हणाली. "आन् त्यापायी ह्याला उपाशी मारायला निघालात? आवं, त्या उन्हाळ्यात आड आटला व्हता, सगळा गाव डबक्याचं पाणी पीत व्हता. कल्याणप्पाचं पोर गेलं, रुद्रम्माची नात गेली, वरच्या आळीत तीन गेली. त्या सगळ्यांना तुम्ही भरवलं व्हतं का?"

सिताबाई पुढं सरकली, सासूचा हात पदराखालून ओढून काढला, तांब्यातल्या पाण्यानं धुतला आणि ताटावर ठेवला.

"भरवा."

"सिते, नगं गं…"

"भरवा म्हणते ना! माझं न्हाय ऐकत त्यो. तुमचं ऐकतोय."

म्हातारीनं कुस्करा चिमटीत घेतला. निम्मा घास वाटेतच सांडला. उरलेला रुद्रानं पुढं होऊन घेतला, बोटासकट. गिळला. परत आ. दुसरा घास. तिसरा. सिताबाई दाराआड सरली, पोराला दूध आठवू नये म्हणून, आणि तिथूनच घास मोजू लागली. नवव्या घासाला पोट भरलं, तेव्हा रुद्रानं तोंडातलं दूध फुर्रकन आजीच्या तोंडावर उडवलं.

"अंबी बी अश्शीच करायची!" सखूबाई बोलून गेली.

जवळपास तीन वर्षांनी ते नाव घरात आलं होतं. सिताबाई आत आली, पोराला वरून दूध पाजायला मांडीवर घेतलं. लेकीचे ते दिवस सिताबाईचे शेतात राबण्यात गेले होते. ते सगळे ह्या म्हातारीनं बघितले होते.

"आणखी काय करायची वो ती?" तिनं विचारलं.

सखूबाईनं तोंड पुसलं आणि सांगायला लागली.