घुमटावरचे एकशेवीस खळगे

यवतमाळच्या एमआयडीसीत देवीलालभाऊंचा साचे बनवायचा कारखाना होता. तिथे शबाना अकरा वर्षं पॉलिशचं काम करत होती. तिच्या तोडीचा हात अख्ख्या जिल्ह्यात नाही, असं भाऊ गिऱ्हाइकांना सांगत, आणि ते ऐकायची तिला सवय झाली होती.

२००६ साली एक नवं काम आलं. माणूस जवळ आला की आपोआप पेटणाऱ्या दिव्यांच्या गोल टोप्यांत बारीक बारीक भिंगं असत. त्या टोपीचा साचा म्हणजे लिंबाएवढा पोलादी घुमट आणि त्यावर मसुरीच्या दाण्याएवढे एकशेवीस खळगे. खळगे मशीन कोरून देई. ते आरशासारखे लखलखीत करायचे ते मात्र हातानं, लाकडी काडीच्या टोकाला हिऱ्याच्या भुकटीचा लेप लावून. माथ्यावरचे खळगे शबानाला सहज जमले, पण उतारावर काडी कलायची आणि खळग्याची कड झिजायची. दोन साचे परत आले.

त्याच महिन्यात राळेगावची मोनाली कामाला लागली. कापसाला भाव नव्हता, लोकांनी पेरा कमी केला, वेचणीची मजुरी बुडाली, म्हणून आली होती. काडी धरायची कशी, हे तिला शबानानंच दाखवलं. पंधरा दिवसांनी त्या पोरीनं काडी सरळच धरली आणि डाव्या हातानं घुमट फिरवत ठेवला. कड शाबूत राहिली. भाऊंनी साचा उजेडात धरून पाहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "शबाना, हे हिच्याकडून शिकून घे."

त्या दिवशी शबानानं जेवणाचा डबा तसाच परत नेला. घरी नवऱ्यावर, जमीरवर, उगाच खेकसली. मोनालीची वेणी, तिचं हळू बोलणं, सगळंच सलू लागलं. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं मोनालीच्या बारीक लेपाच्या डबीत चिमूटभर जाड कणांचा लेप कालवला.

दुपारभर मान वर केली नाही. पाच वाजले तरी ओरड होईना, तेव्हा न राहवून ती स्वतःच मोनालीच्या टेबलापाशी गेली. डबी बाजूला सरकवलेली होती. ओरखडे एकाच खळग्यात होते.

"बोटाले खरखर लागली, आपा. मी तिथंच थांबली," मोनाली म्हणाली.

"भाऊले सांगतलं?"

"नाही."

"काहून?"

"काडी धराले तुमीच शिकवलं ना मले."

शबानाला शरम वाटली. पण त्या शरमेखाली तीच आग होती: हात तर हिचा चांगला, वरून मनही मोठं. सगळं हिच्याच वाट्याला कसं?

ती स्टूल ओढून बसली. मोनालीनं घुमट फिरवला, शबानानं काडी धरली. दोन तासांनी ओरखडे गेले. साचा पास झाला. घुमट कसा फिरवायचा, हे शबाना न विचारता शिकली.

दोन वर्षांनी मोनाली पुण्याच्या कंपनीत लागली. तिथून तिचा फोन आला, इथं जागा आहे, आपा, तुम्ही या. शबानानं सांगितलं, गुडघे लय दुखतात. जमीर चहा पिता पिता तिच्याकडे बघत राहिला. सकाळीच ती एसटी स्टँडपासून कारखान्यापर्यंत तासभर पायी चालत गेली होती.