सात पॉईंट, आठ रीडिंग

असले अनुभव सांगणाऱ्यांना मी आजवर चहा पाजून वाटेला लावत आले. नोकरीच तशी आहे — रस्ते आणि पूल. "मला वाटलं" हे आमच्या कामात चालत नाही, मोजलं का ते सांगा. आमच्या ह्यांना मात्र वाचकांच्या अनुभवांच्या या सदराची भारी हौस. ते मोठ्याने वाचून दाखवणार आणि मी भाजी चिरता चिरता एकेकाचा निकाल लावणार — वायरिंग सैल असेल, मांजर असेल, अंगात ताप असेल... आता माझीच पाळी आलीय. हसायचं तर खुशाल हसा, मीही तेच केलं असतं.

मी शाखा अभियंता आहे. माहेर फैजपूर, सासर जळगाव. चोपड्याहून शिरपूरकडे जाताना उजव्या हाताला सातपुड्याकडे जो रस्ता फुटतो, त्या रस्त्यावरची ही गोष्ट. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना उगाच फोन जायला नकोत. गावाच्या अलीकडे नदी आणि नदीवर तीन गाळ्यांचा जुना पूल. मधे दोन दगडी खांब. वर्षातले आठ महिने या नदीत पाणी शोधावं लागतं.

मागच्या श्रावणात, गुरुवारी दुपारी वादळ झालं. तासाभरात केळीच्या बागा आडव्या झाल्या, रस्त्यावर झाडं पडली आणि वर डोंगरात असा काही पाऊस कोसळला की नदी पुलावरून वाहिली. त्या गावाला जाणारा दुसरा एक रस्ता होता, त्यावरची मोरीच वाहून गेली. शुक्रवारचा अख्खा दिवस झाडं कापण्यात आणि पुलाच्या तोंडाशी वाहून गेलेला भराव मुरूम टाकून परत भरण्यात गेला. शनिवारी सकाळी पाणी गुडघ्यावर आलं. पूल उभाच्या उभा होता, कुठे तडा नाही. मी स्वतःवर जाम खूश होते.

तेवढ्यात गावातले एक आबा पलीकडून पूल ओलांडून आले. सत्तरीचे, डोक्याला टोपी, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. मी आधी त्यांच्यावर ओरडले, बंद पुलावरून आलातच कसे म्हणून. त्यांनी ते कानाआड केलं.

"बाई, उद्या पूल चालू व्हई ना? उद्या कानबाई शे आमनी. सुरतथीन गाडी ई राहिनी, बठ्ठा भाऊबंद शेतस तेन्हामा."

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते — कानबाई म्हणजे श्रावणातली आमची देवी. रविवारी घरात बसते, सोमवारी तिला नदीवर निरोप. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, आणि ते रोट भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे असतात. पोटापाण्यासाठी सुरतेला गेलेलं माणूससुद्धा या दिवशी घर गाठतं. सुरतेहून येणाऱ्या बसमध्ये सगळे भाऊबंद होते, आणि आबांचा धाकटा भाऊ तर नऊ वर्षांनी येत होता. त्याच्या नावाचे गहू दरवर्षी दळले जायचे आणि त्याचा वाटा तसाच राहायचा, असं आबा म्हणाले. हे सांगताना त्यांनी नदीकडे तोंड फिरवलं.

"बघते आबा," मी म्हटलं, "दुपारपर्यंत सांगते." मनातून मी हो म्हणून टाकलं होतं.

साहेबांचाही फोन येऊन गेला होता. तपासणी करा, सगळं ठीक असेल तर बस सोडायला हरकत नाही असं पत्र द्या, म्हणाले. पत्र मी गाडीतच तयार ठेवलं होतं. फक्त सही राहिली होती.

आता थोडं कामाचं. नदीचा तळ पुराने खरवडला का हे बघायला आम्ही लेव्हल लावतो. लेव्हल म्हणजे तिपाईवरची दुर्बीण आणि स्टाफ म्हणजे चार मीटरची, आकडे लिहिलेली उभी पट्टी. पट्टी जिथे टेकवाल तिथली जमीन जितकी खोल, तितका दुर्बिणीतून दिसणारा आकडा मोठा. एवढंच शास्त्र. पट्टी धरायला माझ्यासोबत सलीमभाई असतात — जळगावचे, बावीस वर्षं हेच काम. पट्टी टेकवली की ते ओरडतात, "ओके म्याडम!" मी आकडा वाचते, वहीत लिहिते, हात वर करते, ते पुढे जातात. दुर्बिणीतून फक्त पट्टी दिसते. धरणारा माणूस दिसत नाही, फार तर बोटं दिसतात.

आम्ही पुलाखाली सात जागा ठरवल्या. गावाकडच्या खांबापाशी पाण्याला ओढ होती म्हणून ती जागा सोडली. ही माझी चूक, आधीच कबूल करते. पाणी गढूळ होतं, तळ दिसत नव्हता, पण आजूबाजूला गुडघाभर म्हणजे तिथेही गुडघाभरच असणार असं मी धरून चालले. मला वाटलं! बघा, शेवटी मीसुद्धा.

साडेअकराच्या सुमाराला काम आटोपलं. सलीमभाई काठावर बूट वाळत घालत होते. मी गाडीतून पत्र आणून निंबाखाली बसले, पेनचं टोपण काढलं आणि पत्राला जोडायचे आकडे मोजू लागले. आठ भरले.

परत मोजले. आठच. सात आकडे दोन मीटरच्या थोडे वर, जसे असायला हवेत तसे. आठवा — ३.८६०. माझंच अक्षर, माझंच पेन. बाकीच्या ओळींसमोर शेऱ्याच्या रकान्यात मी कुठली जागा ते लिहिलं होतं. आठव्यासमोर नुसतं "शे" लिहिलं होतं.

"सलीमभाई, आपण किती पॉईंट घेतले?"

"सात."

"आठवा कुठे घेतला?"

"कौनसा आठवा? सात के बाद मी स्टाफ बंद केला, खांद्यावर घेतला आणि हितं आलो. मी गिनके बोलतो, म्याडम."

"गावाकडच्या खांबाजवळ गेला नव्हतात?"

"मला पोहता येत नाही. मी तिकडं कायको जाऊ?"

तेव्हा मला ते आठवलं. आठवलं म्हणजे... ते घडताना मला त्यात काहीच वेगळं जाणवलं नव्हतं. डोळा दुर्बिणीला लावलेला होता. आवाज आला — "शे!" ओके म्याडम नाही, नुसतं "शे". शांत, कामात असलेल्या माणसाचा आवाज. समोर पट्टी उभी, आकडा स्पष्ट. मी वाचला, लिहिला, ऐकलं तेही लिहिलं आणि सवयीने हात वर केला. बोटं दिसली का? आठवत नाही. डोक्याला खूप ताण देऊन बघितला, नाही आठवत.

एक गोष्ट सांगितली पाहिजे. "शे" म्हणजे "आहे". ही आबांच्या गावाकडची बोली. सलीमभाई तसं बोलत नाहीत. आमच्या फैजपूरकडे "हाये" म्हणतात, त्यामुळे माझ्या तोंडात किंवा हातात तो शब्द आपसूक येणं शक्य नाही. सकाळी आबांच्या तोंडून ऐकला तोच डोक्यात राहिला असेल, हे मी स्वतःला तिथल्या तिथे सांगून टाकलं. दोन रात्री धड झोप नव्हती, चुकून एक आकडा जास्त लिहिला गेला, विषय संपला.

पण सही करायला हात जाईना. आकडा खरा धरला तर कुठेतरी तळ पावणेदोन मीटर खाली गेला होता. आणि न मोजलेली जागा एकच होती.

काठावरच थांबलेल्या आबांना मी म्हटलं, एक लांब बांबू मिळेल का? त्यांच्या बागेतल्या केळी तशाही झोपल्या होत्या, टेकूचे बांबू मोकळेच पडले होते. त्यांनी सर्वांत लांब निवडून आणला. आम्ही तिघे पुलावर गेलो — हो, मीच ओरडले होते आणि मीच गेले — आणि त्या खांबाला लागून बांबू खाली सोडला. पाण्याला लागला. गुडघाभर गेला. मग नुसता जातच राहिला. सलीमभाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुटपुटत अल्लाचं नाव घेतलं. तळ लागला तेव्हा वर काढून बघितला, बांबू सात फूट ओला होता. दुसऱ्यांदा खांबाकडे तिरका लोटला, तर तो पायाच्या दगडाला न अडता सरळ त्याच्या खाली आत शिरला.

खांबाखाली जमीन नव्हती. वरून इतका साजरा दिसणारा तो पूल त्या बाजूला हवेत, म्हणजे पाण्यात, लटकत होता.

"उतरा सगळे," मी म्हटलं. 

पत्र मी फाडलं. साहेबांना फोन केला, त्यांनी लगेच पुलाच्या दोन्ही तोंडांना मातीचे बांध घालून तो बंद करायला सांगितलं. ते आठव्या आकड्याचं काही मी बोलले नाही, बांबूचंच सांगितलं. आबांना मात्र सगळं सांगावं लागलं, कारण वाईट बातमी त्यांनाच द्यायची होती. मला वाटलं म्हातारा हताश होईल. ते खाली बसले, टोपी काढली, डोकं पुसलं.

"कोन बोलनं ते मी कसं सांगू, बाई? पन ज्याले म्हाईत व्हतं तेनी सांगं." मग उठून म्हणाले, "चाला, वरला उतार दखाडस. ट्रॅक्टर जाई तठेथीन."

पुलाच्या वरच्या अंगाला, अर्धा किलोमीटरवर, पूर्वी बैलगाड्या नदी ओलांडायच्या तो उतार त्यांनी दाखवला. पात्र रुंद, तळ खडकाचा. मी स्वतः लेव्हल लावून, बांबू टोचून, पायी चालून तो तपासला. इतकं कसून मी आयुष्यात काही तपासलेलं नाही. सलीमभाई म्हणाले, "म्याडम, आता नदीला विचारूनच घ्या." 

रविवारी सकाळी आठ वाजता सुरतेची बस बांधापाशी येऊन थांबली. माणसं उतरायला लागली, आणि उतरतच राहिली. बाया, म्हातारे, कडेवरची पोरं, पिशव्या, एक पितळी हंडा. मी मोजायचं नाही ठरवलं होतं, तरी मोजली. त्रेपन्न. मी गाडीच्या आड जाऊन उभी राहिले. गावातले चार ट्रॅक्टर उतारावरून ये-जा करत होते, ट्रॉलीत बायांनी कानबाईची गाणी सुरूही केली होती. आबांचा भाऊ पहिल्याच ट्रॉलीतून गेला. तो अर्धा टकला, मोठा माणूस, आणि आबा पलीकडच्या काठावरून त्याला लहानपणीच्या नावाने हाक मारत होते.

संध्याकाळी आबा आम्हा दोघांसाठी ताट घेऊन आले. त्यात रोट होता. मी म्हटलं, आबा, हा भाऊबंदांनीच खायचा असतो ना? 

"खा, बाई. आते इचार नका करा."

सलीमभाईंनी बिसमिल्ला म्हणून तुकडा मोडला. गुळाच्या खिरीबरोबर इतकी गोड गव्हाची चव मला परत कुठे लागली नाही.

पुढच्या आठवड्यात पोकलेनने पाणी वळवलं आणि खड्डा उघडा पडला. पायाचा अर्धा भाग अधांतरी होता. मी लेव्हल जुन्याच जागी, त्याच उंचीवर लावली. सलीमभाई शिडीवरून खड्ड्यात उतरले, पट्टी टेकवली, "ओके म्याडम." आकडा ३.८६५. पाच मिलीमीटरचा फरक, तोही गाळाचा असेल. त्या शनिवारी तिथे कोणी पट्टी धरून उभं असतं, तर त्याच्या डोक्यावरून पाणी गेलं असतं.

आमच्या ह्यांनी वही बघितली आणि पहिल्यांदाच माझी भूमिका घेतली. म्हणाले, रकान्याचं नाव शेरा आहे, तू "शेरा" लिहायला घेतलंस आणि अर्धवट राहिलं. म्हटलं, शेऱ्याच्या रकान्यात शेरा कोण लिहितं? आणि आकड्याचं काय? त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली.  थकवा, भास, योगायोग, मी सगळं लावून बघितलं. एकही नीट बसत नाही.

खांबाला नवीन पाया दिला, पूल दिवाळीआधी सुरू झाला. मला भीती वाटत नाही. खरं सांगायचं तर कामावर जाताना पूर्वीपेक्षा बरं वाटतं.

फक्त एक बदल झालाय. आता कुठल्याही नदीत शेवटचा पॉईंट घेतला की मी लगेच वही मिटत नाही. डोळा दुर्बिणीला लावून मिनिटभर तशीच उभी राहते. सलीमभाई पट्टी खांद्यावर घेऊन काठावर थांबतात. का थांबलो, असं त्यांनी एकदाही विचारलेलं नाही. अजून तरी दुसरं कोणी बोललेलं नाही. मग मी हात वर करते आणि आम्ही सामान आवरतो.