गिरजाबाईंची मेस साहेबानं घेतली

खराबवाडीत कुणाची बातमी आधी कुणाला लागते याची शर्यत लावली, तर मी अजूनही पुढच्या रांगेत असेन. डोळे अधू झाले, पण कान शाबूत आहेत. तरी गिरजाबाईंनी मेस विकली हे मला सगळ्या गावानंतर कळलं, आणि तेही दोन्ही वेळा त्याच मेसमध्ये जेवत असताना. याचा राग मी अजून सोडलेला नाही.

मेस म्हणजे पत्र्याची लांबट खोली, दोन्ही बाजूंना बाकडी, मागं स्वयंपाकघर आणि एक अडगळीची खोली. जेवायला येणारे बहुतेक चाकणच्या कंपन्यांतले कंत्राटी कामगार. कुणी परभणीचा, कुणी यवतमाळचा. घर लांब, त्यामुळे गिरजाबाईंची आमटी हेच त्यांचं घर. बाईंचे गुडघे गेले, लेक ओतूरला बोलवत होती, म्हणून त्यांनी गिऱ्हाईक शोधलं. नव्या माणसाचा हात बसेपर्यंत थांबते, एवढं मात्र कबूल केलं.

घेणारा होता गणराज सोनटक्के. मोठ्या कंपनीतला मॅनेजर, चिंचवडला फ्लॅट, बायको विजयश्री बँकेत. असल्या माणसानं चांगली नोकरी सोडून पत्र्याखाली कांदे चिरत बसायचं म्हटल्यावर गावाला काय, जत्राच मिळाली. कुणी म्हणालं, कंपनीत भानगड केली असणार. कुणी म्हणालं, बायकोनं घराबाहेर काढला. कुणी म्हणालं, जागेवर डोळा आहे, मेस पाडून लॉज बांधील. लॉजची कल्पना माझी. आजही मला ती काही वाईट वाटत नाही.

शेवटी एका दुपारी तो मेथी निवडत बसला होता, तेव्हा मी सरळच विचारलं.

"साहेब, खरं सांगा. काय झालं?"

"नाना, आमच्या कॅंटीनमध्ये मी ताट घेऊन बसलो की समोरचा उठायचा." त्यानं मेथीवरची नजर हलवली नाही. "जेवण अर्धं असलं तरी उठायचा. मी टेबलं बदलून पाहिली. बसेन ते टेबल रिकामं."

"असं काय काम करत होता तुम्ही?"

"कंत्राटी पोरांना ब्रेक द्यायचं."

चाकणमध्ये हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. माणूस काही महिने राबला की त्याला कायम करायची पाळी येऊ नये म्हणून घरी पाठवतात, त्याचं नाव ब्रेक. परत बोलावू म्हणतात. बोलावतातच असं नाही.

"विजयश्री म्हणाली, डबा ने, केबिनमध्ये जेव. काही वर्षं तसाही जेवलो. मग एक दिवस घास गिळवेना. मला माणसांत बसून जेवायचंय, नाना. दुसरं काही नाही."

"त्यासाठी अख्खी मेस विकत घेतली?" मी म्हणालो. "लग्नसराईत एखाद्या पंगतीत घुसला असता तर फुकटात भागलं असतं."

तो हसला, पण नुसता माझा मान ठेवायला.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. माझ्याबद्दल कुणाचा यावर विश्वास बसत नाही. न बसलेलाच बरा, नाहीतर उरलीसुरली अब्रूही जायची. पोरांना तो फक्त नवा शेठ म्हणून ठाऊक होता. तो वाढायचा, पोरं जेवायची, आणि गर्दी ओसरली की तोही एखाद्या बाकड्यावर कुणासमोर तरी ताट घेऊन बसायचा. कुणी उठत नव्हतं. त्या दिवसांत त्याच्या चेहऱ्यावर जरा मांस चढलं.

पण माणूस नोकरी सोडतो, तरी नोकरी माणसाला लगेच सोडत नाही. गिऱ्हाईकांची मतं घ्यावीत, असं त्याच्या डोक्यात आलं. त्यासाठी अडगळीची खोली झाडून तिथं एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडल्या. संध्याकाळी मेस भरलेली असताना तो एकेकाच्या पाठीशी वाकून, अगदी गोड आवाजात सांगत गेला,

"जेवण झालं की दोन मिनिटं आत या."

माझा घास तोंडातच राहिला. मेसमध्ये असा सन्नाटा कुणी गेल्याची खबर आल्यावर पडतो. पोरांनी मान खाली घातली. पहिला नवनाथ हात धुऊन आत गेला आणि लगेच बाहेर आला.

"काय झालं?" शेजारच्यानं विचारलं.

"चपाती मऊ असते का म्हणून विचारत होते."

यावर कुणी हसलं नाही.

दुसरा नंबर संघर्षचा. परभणीकडचा, तिशीतला, वेल्डिंगचं काम करणारा, बोलायला तुटक. तो आत गेला नाही. जागेवरूनच म्हणाला, "शेठ, तुमचं तोंड मी पाहिलं नव्हतं. माझी मान खाली होती तवा. पण आत्ता ते बोलणं ऐकलं अन् आवाज वळखला."

गणराज दारातच थांबला.

"कंपनीतबी असंच म्हणला होता. जेवण झालं की दोन मिनिटं आत या. म्हणून मी निवांत जेवलो. आणखी भात घेतला. मग आत आलो, तर तुम्ही गेटपास मागून घेतला. ब्रेक दिला."

मग गणराजनं विचारू नये ते विचारलं.

"तुमचं नाव काय?"

"संघर्ष. तवाबी इचारलं होतं तुम्ही."

तो हात न धुता निघून गेला. दुसऱ्या दिवशी बाकडी रिकामी. सगळी पोरं रस्त्यापलीकडच्या मेसमध्ये.

गणराज त्यांच्या खोल्यांवर जाऊन माफी मागायला निघाला, तर गिरजाबाईंनी त्याला अडवलं.

"तुमी दारात गेला तर पोरं म्हणतील, साहेब आला. पुन्हा भ्यायचं का त्यांनी? हितंच बसा. दार उघडं ठेवा."

त्यानं ऐकलं. टेबल-खुर्च्या भंगारात दिल्या. रोज स्वयंपाक करायचा, दार सताड उघडायचं आणि दारासमोरच्या बाकड्यावर ताट घेऊन बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. समोर मी असायचो, पण मला धरू नका. मी रिटायर माणूस, मला ब्रेक देणारा आता वरचाच.

विजयश्री एका रविवारी येऊन हे बघून गेली. जाताना मला म्हणाली, "काका, घरी चला म्हटलं की गप्प बसतात. किती दिवस असं रिकाम्या बाकड्यांकडं बघत जेवणार?"

पोरं हळूहळू परतली. मनं वळली म्हणून नव्हे. पलीकडचा रस्सा पाण्यासारखा होता म्हणून. संघर्षही आला. पण गणराजच्या बाकड्यावर कुणी बसेना. पाहिजे तर भिंतीला टेकून उभ्यानं जेवायची.

मग एका रविवारी चिकन होतं. गिरजाबाई गुडघ्यांमुळे पडून होत्या, रस्सा गणराजनंच केलेला. मेस तुडुंब भरली होती. संघर्ष शिफ्टवरून उशिरा आला, ताट घेऊन उभा राहिला. भिंतीलाही जागा नव्हती. मी हळूच बाकड्याच्या टोकाला सरकलो आणि तोंड बंद ठेवलं. मला ते किती जड गेलं ते माझं मला माहीत.

संघर्ष गणराजच्या समोर बसला. खाली मान घालून चार घास खाल्ले. मग म्हणाला, "खारट झालाय रस्सा."

"मी केलाय."

"ते कळायलंय की. मावशीच्या हातचा असा नसतो."

"पुढच्या वेळी जपून टाकतो मीठ."

एवढं बोलून गणराज थांबला. हातातला घास ताटातच ठेवून तो वाट बघत होता. काय होणार ते त्याला वर्षानुवर्षं पाठ होतं. संघर्षनं वर पाहिलं. त्यानं हात लांबवला, टोपलीतली एक भाकरी घेतली आणि मोडली.

"मी इसरलो नाही, बरं का," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"आता थंड व्हायलंय तुमचं. जेवा."