आधीच्या ओळीतली तारीख

साखर कारखान्याच्या शेती खात्यात मी कॉम्प्युटरवर बसतो. कुणाचा ऊस कधी तोडायचा याची यादी काढणं हे माझं काम. ज्याची लागण आधी त्याची तोड आधी, इतका साधा नियम. पण गावोगाव भांडणं होतात ती याच यादीवरून. पूर्वी चार कारकून आठवडाभर ती हाताने करायचे. मी साताऱ्याला क्लास करून आलो, एक मॅक्रो, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिला आणि चहा थंड व्हायच्या आत यादी काढून दाखवली. शेती अधिकारी साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. तेव्हापासून माझी मान जरा जास्तच ताठ झाली.

मॅक्रो काय करायचा, तर यादीतला एकेक सभासद नंबर घ्यायचा, व्हीलूकअपने तो नोंदींच्या शीटमध्ये शोधायचा आणि त्याच्यासमोरची लागणीची तारीख उचलून यादीत लिहायचा. नंबर सापडला नाही की तो मध्येच बंद पडायचा. एकदा साहेबांसमोर बंद पडला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून मी वर एक ओळ टाकली, ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट. चूक आली तरी थांबू नको, पुढे चल. त्यानंतर मॅक्रो एकदाही अडला नाही आणि मी खूश.

नोंदी आणून द्यायचे चिटबॉय. नावात बॉय असला तरी पलूसकडच्या गटाचे आमचे चिटबॉय छप्पन्न वर्षांचे होते. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. फडात उभं राहून लागण बघायची, चिठ्ठी लिहायची, ती मला आणून द्यायची, हे त्यांचं काम. तीच तारीख ते खिशातल्या एका लाल वहीतही लिहून ठेवायचे. मी त्यांची चेष्टा करायचो, "मामा, आता ती वही म्युझियमला द्या." ते हसायचे आणि वही खिशात घालायचे.

त्या डिसेंबरात एक बाई हातात उसाचा तुरा घेऊन ऑफिसात आल्या. नवरा मिलिटरीतून रिटायर होऊन वारलेला, लागणीच्या थोडं आधीच जमीन त्यांच्या नावावर होऊन नवा सभासद नंबर मिळालेला.

"आवं सायेब, माजी लागण गेल्या सालच्या जुलैची हाय. शेजाऱ्याचा ऊस गेला, माजा अजून उभाच. तुरं आल्यात बघा, तोडीची येळ टळून चाललीया."

मी यादी उघडली. त्यांच्या नावापुढे यंदाचा जानेवारी होता. "काकी, तुमची लागण जानेवारीची आहे. इथं दिसतंय."

"माज्या रानात कवा लागण केली ते मला म्हाईत न्हाई व्हय?"

"कॉम्प्युटर चुकत नाही, काकी."

हे वाक्य मी बोललो. अगदी समजुतीच्या सुरात बोललो.

साहेबांनी मामांना बोलावलं. मामांनी लाल वही काढली, पान उघडून दाखवलं, जुलै. साहेब म्हणाले, वहीत काय, मागाहूनही लिहिता येतं. जानेवारीच्या लागणीलाही तुरा येतो कधीकधी. बाईंच्या भिडेपोटी तारीख मागं ओढली असेल. मामा माझ्याकडे बघत होते. मी स्क्रीनकडे बघत होतो. पुढच्या आठवड्यात त्यांचा गट काढून घेतला आणि त्यांना पार कडेगावच्या माळाकडे पाठवलं. बाईंचा ऊस फेब्रुवारीअखेर तुटला, तोवर आतून पोकळ पडला होता.

मार्चमध्ये नवी यादी करताना मी मॅक्रो एकेक ओळ करून चालवून पाहिला. बाईंचा नवा नंबर नोंदींच्या शीटमध्ये नव्हताच. व्हीलूकअपला तो सापडला नाही, एरर आली, माझ्या त्या ओळीने ती गिळली, आणि तारखेच्या खान्यात आधीच्या माणसाची तारीख तशीच राहिली. तीच बाईंच्या नावापुढे उतरली. असे आणखी तिघे निघाले, पण त्यांच्या आणि आधीच्या ओळीच्या तारखा जवळपासच्या होत्या म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मग मी माझ्या टेबलावरची फाइल उपसली. मामांची चिठ्ठी तिथंच होती. नवा नंबर, जुलैची तारीख, मामांचं वळणदार अक्षर. भरायची राहिली होती ती माझ्याकडून.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. ती ओळ काढली, नंबर सापडला नाही तर 'नोंद नाही' असं लिहायला लावलं. चिठ्ठी परत फाइलीत ठेवली. त्या महिन्यात मला कायम करायचं चाललं होतं. मी कुणालाही काही सांगितलं नाही. घरी पेढे वाटले. आईने पहिला पेढा माझ्या तोंडात घातला, मी तो खाल्ला.

चार वर्षं गेली. यंदा मामा रिटायर व्हायचे म्हणून कागदपत्रांसाठी ऑफिसात आले. माझ्यासमोर बसले. त्यांच्या खिशात आता दोन वह्या होत्या, एक लाल, एक निळी. मी सवयीने चेष्टा केली, "वही पण डबल झाली की मामा."

"व्हय. त्या येळंला माजी चूक झाली न्हवं, तवापास्नं मी परत्येक फडाला दोनदा जातोय. दोन वह्यांत लिवतोय, मग ताडून बघतोय. वय झालं गड्या, भरवसा ऱ्हायला न्हाई सोताचा."

इतके दिवस मला वाटत होतं की ते मनातून मला शिव्या देत असतील. त्यांनी तर माझ्या यादीवर विश्वास ठेवला होता.

मी फाइल काढली, चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. मामांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचली.

"मंजी मी बरुबर हुतो?"

"बरोबर होता, मामा."

"आन तुला ठावं हुतं."

मी मान हलवली. त्यांनी निळी वही काढून माझ्या टेबलावर ठेवली. ती त्यांनी पुन्हा उचलली नाही.

"त्या बाईला सांगितलंस?"

"नाही."

"ऊठ मग. गाडी काड."